रुक्मिणीची पट्टी कोणती?

‘संगीत स्वयंवर’मधलं यमनातलं पद, बालगंधर्वांच्या आवाजातली एकच तबकडी. दोन वेगवेगळ्या लोकांनी ती यूट्यूबवर चढवलीय. तानपुऱ्याच्या ॲपवर सा जुळवून मी दोन्ही ऐकल्या, तर एकीचा सा दुसरीपेक्षा जवळजवळ अर्धा सूर वर निघाला. गायक तोच, राग तोच, मुद्रणाचा दिवससुद्धा तोच. पण एका अपलोडमधली रुक्मिणी लाडात आलेली वाटते आणि दुसऱ्यातली शांत, मनाचा निश्चय झालेली. खरी कोणती?

फोनवर आपण व्हिडिओ सव्वापट वेगाने पळवतो तेव्हा माणूस भरभर बोलतो, पण त्याचा आवाज चिरका होत नाही. सॉफ्टवेअर सूर जागेवर धरून ठेवतं. तबकडीला ही सोय नाही. ती जोरात फिरली की लय वाढते, पट्टी चढते, आवाजाचा पोतही बदलतो, सगळं एकदम. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी साधारण साडेब्याऐंशी झाल्या, की सा अर्धा सूर वर जातो. म्हणजे काळी एकमध्ये गायलेलं पद पांढरी दोनमध्ये ऐकू येतं आणि तीन मिनिटांचं गाणं दहा सेकंद आधी संपतं.

बरं, ७८ हा आकडा तरी कुठे पक्का होता? ग्रामोफोनच्या पहिल्या काही दशकांत कंपन्या आपापल्या वेगाने मुद्रण करत. कुणी सत्तरीच्या आसपास, कुणी ऐंशी. घरातला ग्रामोफोन चावीवर चाले आणि त्याचा वेग ऐकणारा स्वतः स्क्रूने कमीजास्त करी. आज तीच तबकडी डिजिटल करणारा माणूस बहुतेकदा ७८ वर बटण लावतो आणि मोकळा होतो.

हा घोळ आपल्यापुरता नाही. फ्रेड गाइसबर्ग या मुद्रकाने एप्रिल १९०२ मध्ये मिलानला एनरिको कारुसोच्या आवाजात इटालियन ऑपेरातली पदं मुद्रित केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानचं गाणं. त्या ऑपेरांच्या जुन्या तबकड्यांवरही हाच वाद चालतो. पण तिकडे छापील स्वरलिपी असते. पद कोणत्या पट्टीत आहे ते कागदावर दिसतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधता येतो. तोही शंभर टक्के नाही, कारण वरचा सूर जड जाणारे गायक अख्खं पद गुपचूप अर्धा सूर खाली उतरवून गात.

आपल्याकडे तेवढाही आधार नाही. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’च्या चाली दिल्या, त्या गळ्यातून गळ्यात गेल्या. सा कुठे ठेवायचा हे गायकाचा गळा ठरवतो. मागे वाजणाऱ्या ऑर्गनवरून पट्टी ओळखावी म्हटलं, तर ऑर्गनचे सूर तरी कोणत्या मापाने लावलेले? ४४० चं आंतरराष्ट्रीय माप ठरलं १९३९ मध्ये. त्याआधीच्या पेट्या थोड्या चढ्या, थोड्या उतऱ्या असायच्याच.

गंमत अशी, की याच काळात सांगलीत सुराची अतिशय बारीक मोजणी चालली होती. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने बावीस श्रुती गणिताने मांडायचा प्रयत्न केला, १९१० मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक काढलं. त्या हिशेबातली सगळ्यात लहान श्रुती वेगाच्या भाषेत सांगायची तर मिनिटाला जेमतेम एक फेरी: ७८ ऐवजी ७९! देवल ज्या फरकासाठी आयुष्य खर्च करत होते, तो स्क्रू किंचित हलला तरी निर्माण होई. अर्थात सगळे सूर एकत्रच सरकतात, त्यामुळे यमन यमनच राहतो. बदलतो तो गाणारा माणूस.

आणि माझ्या मते इथे खरी अडचण आहे. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचं नागठाणे आज सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. १८८८ मध्ये ते जन्मले तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, गाव साताऱ्यात मोडे. (सातारा तालुक्यातही एक नागठाणे आहे, हायवेवरून जाणारे पुष्कळजण त्यालाच हात जोडतात.) हा पुरुष स्त्रीभूमिका गात होता. तबकडी अर्धा सूर चढवली की आवाज पातळ होतो, हरकती टोकदार होतात आणि आपण म्हणतो, काय बायकी गोडवा आहे! तो गोडवा त्यांचा किती आणि यंत्राचा किती? ॲपमध्ये वेग आणि सूर दोन्ही मिळून पाच टक्के उतरवून ऐका. आवाज पुरुषाचा आहे हे कळतं, तरी रुक्मिणी हलत नाही. उलट तिचं वजन वाढतं. शब्द आणि सुरातल्या आर्जवाने ती उभी राहिलेली असते, उंच आवाजाने नव्हे. मला तरी हीच रुक्मिणी पटते.

लयीचं मात्र ॲपने भागत नाही. थिएटरात वन्समोअर घेत, ठाय लयीत, एकेक ओळ पुन्हा पुन्हा नव्याने सजवत पद रंगे. नाटक पहाटेपर्यंत चाले, कुणालाच घाई नसे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मिळत जेमतेम तीन मिनिटं. विजेवरचं मुद्रण १९२५ नंतर आलं, तोवर तर गायकाला कर्ण्यात तोंड घालून जोर लावून गावं लागे, हळुवार उच्चाराची तिथे डाळ शिजत नसे. त्यामुळे जुनं नाट्यसंगीत म्हणजे द्रुत आणि चटपटीत, ही आपली समजूत बरीचशी तबकडीने घडवलेली आहे. १९०५ साली मिरजेत नारायणराव शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा त्यांच्यासमोर घड्याळ धरलेला मुद्रक नव्हता. तबकड्यांवर मात्र तो सतत जाणवतो. शेवटचे पंधरा सेकंद कान देऊन ऐका: मुखडा घाईने पकडलेला, तान आखडती घेतलेली, आणि सम आली न आली तोच सुईची खरखर.