वॉटसनसाहेबांची दोन पुस्तकं

रमजान आला की मोहम्मद अली रोडवर कॅमेरे दिसू लागतात. शरारा, शेरवानी, डोळ्यांत सुरमा, मागे अत्तराचं दुकान. मग वाद रंगतो, की दुसऱ्या समाजाचा पेहराव असा वापरणं ही उसनवारी की चोरी? या वादात मला नेहमी डॉ. जॉन फोर्ब्स वॉटसन आठवतात.

वॉटसन १८५० मध्ये मुंबई इलाख्याच्या लष्करी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. काही काळ अहमदनगरला तोफखान्याबरोबर राहिले, मग भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात होते. तीन वर्षांनी ते मायदेशी परतले आणि पुढे लंडनच्या इंडिया ऑफिसात हिंदुस्थानी मालाची माहिती सरकारला देणारे अधिकारी झाले.

१८६६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी कापडांचे नमुने प्रसिद्ध केले. एका संचात १८ खंड आणि ७०० नमुने. पागोटी, लुंग्या, साड्या, ढाक्याची मलमल यांचे खरेखुरे तुकडे कापून पानांवर चिकटवलेले. असे २० संच तयार झाले. त्यातले १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ हिंदुस्थानात आले. हेतू लपवलेला नव्हता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी लांबी, रुंदी, काठ, रंग पाहून तसंच कापड काढावं आणि ते इथे विकावं. नमुन्यासोबत मापं आहेत, ठिकाणं आहेत. विणणाऱ्याचं नाव नाही. उत्तरेतल्या ज्या मोमिन विणकरांचे माग याच काळात बंद पडत होते, त्यांच्यातलेच अनेक जण मालेगावात येऊन वसले.

दोनच वर्षांनी, १८६८ मध्ये, वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ प्रकाशित करायला सुरुवात केली. १८७५ पर्यंत ८ खंड निघाले, ४६८ छायाचित्रं. एकेका जातीजमातीचा नमुना म्हणून माणूस उभा केलेला, आणि बाजूला त्या समाजाचा स्वभाव आणि राजनिष्ठा यांवर शेरे. १८५७ चा धसका अजून गेला नव्हता. कापडाचे नमुने लावावेत तशी माणसं लावली.

१८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान मुलांसह लंडनला गेले. इंडिया ऑफिसात त्यांनी हे पुस्तक पाहिलं आणि व्यथित होऊन पत्र लिहिलं: हिंदुस्थानात अधिकारी म्हणून येणारे तरुण हे पाहून आमच्याबद्दल काय मत करून घेतील? त्यांचा मुलगा सय्यद महमूद पानं चाळत असताना एका तरुण इंग्रजाने त्याला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद लाजेने लाल झाला. हो म्हणाला, पण लगेच खुलासाही केला, की मी इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, माझे पूर्वज बाहेरच्या देशातून आले.

हा महमूद पुढे अलाहाबाद हायकोर्टाचा न्यायाधीश झाला. त्याचा अपमान खरा होता, पण त्याचं उत्तर मला बोचतं. पुस्तकाने माणसांची उतरंड रचली होती. त्याने ती तशीच मान्य केली आणि आपल्याला वरची पायरी मागितली. चित्रातला आदिवासी, विणकर, भिश्ती होता तिथेच राहिला. आपल्या समाजातला अशराफपणा तो हाच.

आज मुसलमानी पेहरावाच्या वापरावर आपण रागावतो तेव्हा हे आठवावं. नवाबी थाट आमचा, आमची तहजीब पळवली, असं म्हणणाऱ्यांपैकी कितींच्या घरी कधी माग होता? मदनपुऱ्यात, गोवंडीत कारचोबीवर वाकून जरीकाम करणारा कारागीर या तक्रारीत कुठे बसतो? फॅशनवाला त्याचं काम वापरतो आणि आपण त्याचा वारसा सांगतो. त्याला मात्र कोणीच काही विचारत नाही.

पेहराव नेहमीच एका समाजातून दुसऱ्यात गेले आहेत. मराठ्यांच्या आणि मोगलांच्या अंगरख्यांत असा कितीसा फरक होता? कोणी शेरवानी घातली म्हणून माझं काही बिघडत नाही. मी फोटोखालची नावं वाचतो. फोटोग्राफर असतो, स्टायलिस्ट असतो, केस विंचरणाराही असतो. ज्याने महिना घालवून ती जरी भरली, त्याचं नाव आणि त्याची मजुरी याबद्दल बोलायला आपण तयार आहोत का? नसू, तर वॉटसनसाहेबांच्या पुस्तकांवर रागावण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरत नाही.