स्लायगोची पटकी आणि ‘ड्रॅक्युला’

1832 च्या ऑगस्टात आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील स्लायगो बंदरात पटकी शिरली, तेव्हा शार्लट थॉर्नली चौदा वर्षांची होती. पुढे लग्नानंतर ती शार्लट स्टोकर झाली. तिच्या सात मुलांपैकी एक ब्रॅम, म्हणजे ‘ड्रॅक्युला’चा लेखक. मुलाच्या आग्रहावरून 1873 च्या सुमारास तिने त्या दिवसांच्या आठवणी लिहून काढल्या आणि सुदैवाने त्या टिकल्या.

साथीची वाटचाल सांगायला इतर कागद आहेत. 1817 मध्ये बंगालातील जेसोरला ती भडकली. त्याच नोव्हेंबरात पेंढाऱ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेला तिने बुंदेलखंडात गाठले. मराठेशाहीच्या शेवटच्या युद्धाचेच ते दिवस. पुढच्या लाटेत रशियामार्गे 1831 मध्ये ती इंग्लंडच्या संडरलंड बंदरात आणि 1832 च्या वसंतात बेलफास्ट-डब्लिनमध्ये पोहोचली. पूर्वेकडून काहीतरी येत आहे, ही कुजबूज शार्लटच्या कानी पडली ती अशी, आजार येण्याच्या कितीतरी आधी.

तिने लिहिलेला एक प्रसंग वाचवत नाही. गावाबाहेर रस्त्याकडेला एक वाटसरू आजारी पडला. लोकांनी खड्डा खणला, त्याला लांब काठ्यांनी आत ढकलले आणि जिवंतपणीच वरून माती लोटली. दुसरा प्रसंग इस्पितळातला. बायकोचे प्रेत न्यायला आलेल्या नवऱ्याने तिच्या कमरेचा लाल रुमाल ओळखला आणि प्रेतांच्या राशीतून तिला ओढून काढले. ती जिवंत निघाली आणि पुढे जगलीही. कॅलन नावाच्या उंच्यापुऱ्या सार्जंटसाठी आणलेली शवपेटी आखूड पडली. पाय मोडून त्याला आत बसवण्यासाठी हातोड्याचा पहिला घाव पडताच तो उठून बसला.

थॉर्नली कुटुंब आधी घरात कोंडून राहिले. ताटल्यांत मीठ पसरून त्यावर गंधकाम्ल ओतायचे आणि त्या धुराने हवा शुद्ध होते असे मानायचे. शेवटी त्यांनी गाव सोडले. पण बॅलिशॅननला आणि पुढे डोनेगलला जमावाने अडवले. डोनेगलमध्ये तर सामानासकट जाळायची तयारी झाली होती. लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ते वाचले.

ही साक्ष चाळीस वर्षांनंतरची आहे, हे विसरून चालणार नाही. परत आल्यावर रस्त्यांवर गवत वाढलेले दिसले आणि आठांतले पाच लोक मेले होते, असे ती लिहिते. गावाची वस्ती सुमारे 15,000 होती. म्हणजे नऊ हजारांहून अधिक मृत्यू व्हायला हवेत. प्रत्यक्षातला अंदाज दीड हजारांच्या आसपास जातो. म्हणजे तिचा आकडा मृतांच्या मोजणीसाठी निरुपयोगी आहे. तरी तो मी टाकून देणार नाही, कारण चौदा वर्षांच्या मुलीला आपले गाव केवढे रिकामे भासले, ते त्यात नोंदले गेले आहे.

जिवंत पुरल्याच्या हकिगतींना मात्र शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. पटकीत अंगातले पाणी आणि क्षार काही तासांत निघून जातात. कातडी थंड, निळसर पडते, डोळे खोल जातात, नाडी हाताला लागत नाही. त्यात उपचार म्हणून अफूचा अर्क पाजला जाई, त्याने गुंगी येई. शिवाय प्रेते तातडीने पुरण्याचा रेटा. अशा घाईत मेलेला कोण आणि जिवंत कोण, हे ठरवण्यात चूक होणारच होती.

मग ‘ड्रॅक्युला’शी नाते किती? 1890 मध्ये सुरू केलेली स्टोकरची टिपणे फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. इंग्लंडमधील व्हिटबीच्या वाचनालयातील विल्किन्सन नावाच्या लेखकाच्या ग्रंथातून ‘ड्रॅक्युला’ हे नाव घेतल्याचे त्यांत दिसते, न्यू इंग्लंडमधील रक्तपिपासूंवरचे 1896 चे वर्तमानपत्री कात्रणही त्यांत आहे. आईच्या आठवणींशी थेट सांधा जोडणारी नोंद नाही. म्हणून कादंबरी स्लायगोतून जन्मली, असे छातीठोकपणे म्हणणे मला मान्य नाही. खरा दुवा 1881 च्या अखेरीस आलेल्या स्टोकरच्या बालकथासंग्रहात आहे. त्यातील ‘अदृश्य राक्षस’ ही कथा शहरावर चालून येणाऱ्या साथीचीच. तो राक्षस एका अनाथ मुलीला दिसतो आणि गाव तिच्यावर हसते.

‘ड्रॅक्युला’ 1897 मध्ये निघाली, तेव्हा शार्लट ऐंशीच्या घरात होती. तिने मुलाला पत्र लिहून पुस्तकाची तोंडभरून स्तुती केली आणि मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’नंतर भयाच्या बाबतीत याच्या जवळपास येणारे दुसरे पुस्तक नाही, असा निर्वाळा दिला.