पिवळ्या गुलाबासाठी अडलेलं चित्र

मंडळी, आज आपण एका पत्रापासून सुरुवात करू. साल १७४२. ॲमस्टरडॅमचा चित्रकार यान फान हाउसम तेव्हा साठीला पोचलेला होता. फुलांची चित्रं काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि त्याच्या चित्रांना किंमतही भरपूर येई. एका चित्राला उशीर का झाला, याचं कारण तो या पत्रात कळवतो : गेल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही, नाहीतर चित्र तेव्हाच पुरं झालं असतं.

आपल्याला ही सबब वाटेल. पण त्या काळची बाग डोळ्यांसमोर आणा. आज आपल्या कुंडीतला गुलाब वर्षातून अनेकदा फुलतो. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही आठवडे फुलत. त्यात गुलाबी, पांढरे, तांबडे पुष्कळ. पिवळे मात्र पश्चिम आशियातून आलेले आणि दुर्मीळ. बहर हुकला, की थेट पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं!

आता गंमत बघा. फान हाउसमच्या चित्रात वसंतातला ट्यूलिप, जूनमधला गुलाब आणि उन्हाळा सरतानाची द्राक्षं एकत्र दिसतात. असा गुच्छ कोणाच्याही टेबलावर कधी नव्हता. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका चित्रावर तर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत. म्हणजे गुच्छ कल्पनेतला. पण त्यातलं एकेक फूल समोर ठेवून, निरखून काढलेलं.

मग हे चित्र खरं म्हणायचं की खोटं? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा प्रश्न सोडवत नाही. कांटने १७९०च्या ग्रंथात फुलांना मुक्त सौंदर्याचं उदाहरण मानलं. फूल सुंदर वाटायला त्याचा उपयोग किंवा प्रयोजन ठाऊक असावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं. पाहणाऱ्यापुरतं ते आम्हाला पटतं. पण चित्रकाराचं काय? जुन्या रेखाटनावरून फूल उतरवायची सोय होतीच, अनेक जण तसं करतही. फान हाउसमला ते चालेना. गुलाब म्हणजे काय हे त्याला पाठ होतं. तरी एका विशिष्ट फुलाची पाकळी कशी वळते, उजेड तिच्यातून कसा झिरपतो, हे पाठांतरातून येत नाही. आमच्या मते त्या चित्राचं खरेपण गुच्छात नाही, या थांबण्यात आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब युरोपात पोचले. त्यांच्या संकरातून पुढे आजचे गुलाब घडले. बहर लांबला, वाट पाहणं संपलं. हा लाभच आहे, तक्रार नाही. एवढंच, की ज्याला फूल वर्षातून एकदाच भेटत होतं, तो त्याच्याकडे कसा बघत असेल, हे त्या चित्रांपुढे उभं राहिल्यावर थोडंफार कळतं.