चालू वहीची नक्कल

सरकारी दप्तरात 'नक्कल' या शब्दाला मोठा मान आहे. मूळ कागद अभिलेख कक्षात राहतो आणि नागरिकाच्या हाती पडते ती नक्कल. ज्या प्रकरणाचे काम संपले आहे त्याची नक्कल काढणे सोपे असते. अडचण येते ती चालू वहीची. जी वही अहोरात्र लिहिली जात आहे, जिच्यावर एकाच वेळी हजारो हात चालत आहेत, तिची नक्कल कशी घ्यावी? शेवटचे पान उतरवून होईपर्यंत पहिले पान बदललेले असते.

आज निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, जमिनीचे अभिलेख, रुग्णालयांतील नोंदी हे सारे डेटाबेसमध्ये आहे, आणि हे डेटाबेस उत्तरोत्तर क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या डिस्कांवर, म्हणजे ज्यांना 'व्हॉल्यूम' म्हणतात त्यांवर, राहू लागले आहेत. त्यांचा बॅकअप घेणे हे काम आपण सहसा संगणक विभागावर सोपवून मोकळे होतो. परंतु हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. प्रशासनाने तो संगणकाच्या कितीतरी आधी हाताळलेला आहे, आणि त्याचे उत्तरही बऱ्याच अंशी तेथेच सापडते.

भारतातील पहिली जनगणना १८७२ ची म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती १८६७ ते १८७२ या काळात निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी झाली. एकेका प्रांताचा आकडा आपल्या जागी बरोबर असला, तरी त्या सर्वांची बेरीज नेमकी कोणत्या दिवसाची लोकसंख्या दाखवते, या प्रश्नाला उत्तर नव्हते. एका प्रांतात मोजलेला मजूर पुढे दुसऱ्या प्रांतात जाऊन पुन्हा मोजला जाऊ शकत होता किंवा दोन्हीकडून सुटू शकत होता. यावर उपाय म्हणून १७ फेब्रुवारी १८८१ ही एकच रात्र ठरवण्यात आली. याद्या आधी तयार करायच्या आणि त्या रात्री सर्वत्र एकदम अंतिम पडताळणी करायची, अशी ही पद्धत होती. ती १९३१ पर्यंत चालली. तिला प्रचंड मनुष्यबळ लागे आणि एका रात्रीसाठी सारी यंत्रणा वेठीस धरावी लागे. १९४१ मध्ये ती सोडून देण्यात आली.

तिच्या जागी जी पद्धत रुजली, ती मला प्रशासकीय बुद्धिमत्तेचा उत्तम नमुना वाटते. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस चालली, पण लोकसंख्या मोजली गेली ती १ मार्च २०११ च्या ००:०० वाजताची. १ ते ५ मार्च या काळात प्रगणक पुन्हा घरोघर गेले. पहिल्या भेटीनंतर आणि त्या मध्यरात्रीपूर्वी जन्मलेले बालक त्यांनी यादीत घातले, त्याच काळात मृत्यू पावलेली व्यक्ती वगळली. मध्यरात्रीनंतरच्या जन्ममृत्यूंची दखल घेतली नाही. नक्कल सावकाश घ्या, एक क्षण जाहीर करा, आणि मधल्या काळातील बदलांची नोंद लावून सारी नक्कल त्या क्षणावर आणा. पुढे ज्या यंत्रांचे वर्णन येणार आहे, त्यांचे सार या तीन पायऱ्यांत आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी साठा आणि प्रवाह यांतील भेद शिकवतात. साठा एका क्षणाचा असतो, प्रवाह कालावधीचा. ताळेबंद हा साठ्याचा कागद आहे. म्हणून त्यावर '३१ मार्च रोजीचा' असे लिहावेच लागते. नक्कल हीदेखील साठ्याचीच असते. तिच्यावर क्षण लिहिलेला नसेल, तर ती कशाची नक्कल आहे हे सांगता येत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. नागपूरच्या खात्यातून इंदूरच्या खात्यात ५,००० रुपये वळते होत आहेत. नक्कल घेणाऱ्याने नागपूरचे पान व्यवहारापूर्वी उतरवले आणि इंदूरचे व्यवहारानंतर, तर नकलेत रक्कम दोन्हीकडे दिसेल. क्रम उलटा झाला, तर ती दोन्हीकडून नाहीशी होईल. दोन्ही पाने अक्षरशः खरी, आणि तरीही नक्कल खोटी! सुसंगतता, म्हणजे ज्याला संगणकशास्त्रात 'कन्सिस्टन्सी' म्हणतात, ती एकेका पानात नसते. पानांच्या परस्परसंबंधात असते.

हिशेबनिसांनी यावर दोन उपाय योजले. पहिला, व्यवहार थांबवण्याचा. वार्षिक लेखाबंदीसाठी १ एप्रिलला बँकांचे दरवाजे ग्राहकांना बंद असतात, तो याच परंपरेचा अवशेष. दुसरा उपाय अधिक खोल आहे. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांची जी रीत नोंदवली, तीत व्यवहार आधी तारखेनुसार दैनिक वहीत आणि मग खातेवार वहीत जातो. आपल्याकडे याच दोन वह्यांना रोजकीर्द आणि खतावणी म्हणतात. खतावणी जळाली, पण तिची जुनी नक्कल आणि त्यानंतरची रोजकीर्द हाती असली, तर खतावणी पुन्हा उभी करता येते. रोजकीर्दच गेली, तर खतावणीतील चूक सिद्ध करायला काही उरत नाही.

डेटाबेसच्या जनकांनी नेमकी हीच रीत उचलली. १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' हा प्रकल्प चालला. तेथील जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून जो नियम पक्का झाला तो असा, की बदल आधी लॉगमध्ये कायम व्हावा आणि मगच तो मूळ पानावर जावा. हा लॉग म्हणजे रोजकीर्द. १९९२ मध्ये सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एरीज' ही पद्धत प्रसिद्ध केली. यंत्र अचानक बंद पडले, तर शेवटच्या चेकपॉइंटपासूनची रोजकीर्द पुन्हा वाचायची, नोंदलेले बदल पुन्हा करायचे, आणि अपुरे राहिलेले व्यवहार उलटवायचे, हा तिचा गाभा.

त्याआधी १९८५ मध्ये के. मणी चांडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी आणखी कठीण प्रश्न सोडवला होता. अनेक यंत्रे आहेत, त्यांचे घड्याळ एक नाही आणि संदेश वाटेत आहेत. अशा पसाऱ्याचे एकसंध चित्र कसे घ्यावे? त्यांच्या उत्तरामागील दंडक लेखाधिकाऱ्याला सहज पटेल. चित्रात एखाद्या संदेशाची पोच असेल, तर तो पाठवल्याची नोंदही असलीच पाहिजे. पाठवला पण पोहोचला नाही, तर 'मार्गस्थ' म्हणून त्याची वेगळी नोंद हवी. मोहन आणि चांडी हे दोघेही मद्रास आयआयटीचे विद्यार्थी, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

पूर्वी या विद्येची रोज गरज पडत नसे, कारण रात्र हाताशी होती. कार्यालय बंद झाले की चुंबकीय फितीवर नक्कल घ्यायची आणि सकाळी काउंटर उघडायचा. ती रात्र आता उरलेली नाही. यूपीआय २०१६ मध्ये आले. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू झाले. व्यवहार थांबवून नक्कल घेण्याचा उपाय अशा ठिकाणी कायमचा संपला.

याच काळात साठवणूकही क्लाउडवर गेली. ॲमेझॉनने ऑगस्ट २००८ मध्ये ईबीएस या नावाने व्हॉल्यूम भाड्याने देण्यास सुरुवात केली. मुंबईतील त्यांचे केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झाले. भारत सरकारचा 'मेघराज' हा राष्ट्रीय क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये कार्यान्वित झाला. क्लाउडवरील व्हॉल्यूमचा बॅकअप 'स्नॅपशॉट'ने घेतात. आज्ञा दिली त्या क्षणीचे व्हॉल्यूम गोठवल्यासारखे धरले जाते. प्रत्यक्ष नक्कल पुढे मागच्या मागे चालू राहते, आणि पहिल्या वेळेनंतर फक्त बदललेले भाग उतरवले जातात. सोय मोठी आहे, आणि तिच्यामुळेच एक गैरसमज पसरला आहे की स्नॅपशॉट घेतला म्हणजे डेटाबेसचा बॅकअप झाला.

स्नॅपशॉट डिस्कवर जे आहे ते टिपतो. डेटाबेसच्या स्मृतीत असलेले आणि अजून डिस्कवर न उतरलेले बदल त्याला दिसत नाहीत. अशा नकलेला 'क्रॅश कन्सिस्टंट' म्हणतात, म्हणजे चालू यंत्राची वीज अचानक गेली तर डिस्कवर जे उरेल ते. ज्या डेटाबेसची रोजकीर्द शाबूत आहे, तो यातून सावरतो. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम तक्त्यांना मात्र अशी रोजकीर्दच नसते. त्यांच्या बाबतीत तक्ते आधी डिस्कवर उतरवून, कुलूप लावून मगच स्नॅपशॉट घ्यावा लागतो.

खरा धोका व्हॉल्यूम एकाहून अधिक असताना संभवतो. वेगासाठी खतावणी एका व्हॉल्यूमवर आणि रोजकीर्द दुसऱ्यावर ठेवण्याची पद्धत आहे. रोजकीर्दीचे चित्र पाच सेकंद आधी आणि खतावणीचे नंतर घेतले, तर खतावणीत असे बदल येतील ज्यांचा रोजकीर्दीत मागमूस नाही. जो नियम सर्व सुरक्षिततेचा पाया, तोच नकलेत मोडलेला असतो, आणि दोन्ही स्नॅपशॉटपुढे 'यशस्वी' असा शेरा असतो. एका सर्व्हरला जोडलेल्या सर्व व्हॉल्यूमांचा एकाच क्षणाचा स्नॅपशॉट घेण्याची सोय ईबीएसवर मे २०१९ मध्ये आली. तोवर लिखाण क्षणभर गोठवून सर्व स्नॅपशॉट सुरू करणे आणि मग लिखाण मोकळे करणे हाच मार्ग होता. स्नॅपशॉटचा क्षण आज्ञेबरोबर ठरत असल्याने हे गोठवणे फार थोडा वेळ पुरते.

याहून चांगला मार्ग जनगणनेचा. पोस्टग्रेएसक्यूएलने २००५ च्या आठव्या आवृत्तीत तो दिला. बॅकअप सुरू होत असल्याचे डेटाबेसला सांगावे, काम चालू असतानाच सावकाश नक्कल घ्यावी, संपल्याचे सांगावे, आणि त्या काळातील सारी रोजकीर्द सोबत जपावी. परत उभारताना नक्कल आणि रोजकीर्द मिळून ती बॅकअप संपल्याच्या क्षणावर येते. पुढची रोजकीर्दही जपली असेल, तर नंतरच्या कोणत्याही हव्या त्या क्षणावर आणता येते. प्रगणकाची दुसरी भेट ती हीच.

हे सारे तांत्रिक वाटेल, पण त्याचा भार कोणावर पडतो ते मी एका कार्यालयात पाहिले आहे. तेथे बिघाडानंतर नकलेवरून प्रणाली उभी करण्यात आली. दिवसाच्या एकूण जमेत रकमा होत्या, पण काही वैयक्तिक खात्यांत त्या नव्हत्या. खातेदारांना पावती घेऊन येण्यास सांगण्यात आले. ज्यांनी पावती जपली होती त्यांचे काम झाले. ज्यांनी शासनाच्या नोंदीवर विश्वास ठेवला होता, त्यांना खेटे घालावे लागले. नकलेतील पाच सेकंदांची विसंगती शेवटी पुराव्याचे ओझे होऊन नागरिकाच्या डोक्यावर बसते. म्हणून हा विषय प्रशासकाचा आहे.

नक्कल परत उभी करून पाहिली नाही, तर ती आहे असे म्हणता येत नाही, हेही इतिहासाने दाखवले आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या. आवृत्ती न जुळल्याने त्यांपैकी एक व्यवस्था नक्कलच घेत नव्हती, आणि ते कळवणारे ईमेल नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट होता, म्हणून बाकीचे वाचले. उलट नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला होऊन कामकाज कागदावर आले, तेव्हा ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

क्लाउड कंपनीशी करार करताना एक भेद ध्यानी ठेवावा. डिस्क शाबूत ठेवण्याची हमी कंपनी देते. त्या डिस्कांवरील दोन वह्या एकमेकींशी जुळतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी वहीच्या मालकाची, म्हणजे आपल्या विभागाची असते. आढावा बैठकीत 'बॅकअप होतो का?' या प्रश्नाला नेहमी 'होय' असेच उत्तर येते, म्हणून मी चार प्रश्न विचारतो.

१. शेवटची नक्कल कोणत्या क्षणाची आहे, आणि तो क्षण कोणत्या घड्याळाने ठरला?
२. त्या क्षणी सर्व व्हॉल्यूम एकत्र धरले होते काय, आणि डेटाबेसला तशी सूचना दिली होती काय?
३. त्यानंतरची रोजकीर्द कोठे आहे? ती नकलेपासून वेगळ्या जागी आहे काय?
४. ही नक्कल शेवटी कधी उभी करून पाहिली, किती वेळ लागला, आणि बेरजा जुळल्या काय?

घड्याळाचा उल्लेख मुद्दाम केला. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी एनआयसी अथवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळे जुळवणे बंधनकारक केले, तेव्हा अनेकांना ती निव्वळ तांत्रिक बाब वाटली. परंतु एक क्षण ठरवायचा तर आधी सर्वांचे घड्याळ एक हवे.

पुढील जनगणनेसाठी जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ चे ००:०० वाजता हा क्षण ठरवला. लडाखसारख्या हिमाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. मोजणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी, राजपत्रात, सर्वांना वाचता येईल असा. आपल्या विभागाच्या डेटाबेसचा क्षणही असाच कोणीतरी अधिकाराने ठरवून लेखी नोंदवला पाहिजे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. पुढच्या कार्यालयीन आदेशात एक ओळ वाढवली की पुरते.