अप्पासाहेबांनी लिहिलं होतं

आमच्या औंधच्या घरात सोप्याच्या भिंतीला एक जुना नकाशा होता. आजोबा शाळामास्तर, शाळेतून मोडीत निघालेला तो नकाशा त्यांनी घरी आणलेला. त्यावर ल्हासाभोवती शिसपेन्सिलीचं वर्तुळ आणि तिथून खाली ग्यान्त्से, यातुंग, नाथू ला, गंगटोक अशी एक रेघ. "ह्या वाटेनं आपले अप्पासाहेब गेले," असं म्हणत ते रेघेवरून बोट फिरवायचे. बोट फिरून फिरून यातुंगापाशी कागद पांढरा पडला होता.

अप्पासाहेब पंत म्हणजे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव. 1939 साली या राजानं आपण होऊन सत्ता रयतेच्या हाती दिली. त्यामागे गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन या पोलिश माणसाची खटपट होती आणि तरुण अप्पासाहेबांचा पुढाकार होता. आजोबा तेव्हा शाळकरी. पहाटे सूर्यनमस्कार घालायचे आणि दिवसभर मोठ्या माणसांच्या तोंडी एकच ऐकायचे, आता राज्य आपलं.

हे आधी सांगितलं, कारण सत्ता सोडून देणारं घर पाहिलेला माणूस पुढं अशा ठिकाणी गेला, जिथं सत्ता बंदुकीनं घेतली जात होती.

चिनी फौजा ऑक्टोबर 1950 मध्ये तिबेटातल्या चामदोत घुसल्या. पुढच्याच वर्षी तिबेटकडून सतरा कलमी करारावर सह्या घेतल्या गेल्या. 1954 मध्ये भारतानं चीनशी पंचशील करार केला. यातुंग आणि ग्यान्त्से इथल्या आपल्या लष्करी तुकड्या काढून घेतल्या, टपाल आणि तारखातं दिलं, बारा विश्रामगृहंही दिली. त्याच वर्षाअखेर चीनहून ल्हासापर्यंत मोटाररस्ते खुले झाले. चिनी फौजेला आता खेचरांची गरज उरली नव्हती. अप्पासाहेब 1955 मध्ये पोलिटिकल ऑफिसर म्हणून गंगटोकला आले ते हे सगळं होऊन गेल्यावर. सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधल्या भारतीय कचेऱ्या त्यांच्या देखरेखीखाली होत्या.

दिल्लीत बसून कराराची भाषा वाचणं वेगळं आणि चौदा हजार फुटांवरची नाथू ला ओलांडून पलीकडं बघणं वेगळं. 1957 मध्ये ते ल्हासापर्यंत जाऊन आले आणि जे दिसलं ते त्यांनी दिल्लीला सविस्तर लिहून कळवलं. नवे रस्ते आणि चिनी अंमल त्यांनी पाहिला, पण त्यांची नजर माणसांवरही होती. तिबेटी माणसाच्या मनात दलाई लामांची जागा कुठल्याही छावणीनं हलणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. फौज मोजता येते, तिचा आकडा कुणीही कळवील. दबलेल्या लोकांचं मन ओळखायला औंधसारख्या ठिकाणी वाढावं लागतं, असं आजोबांचं ठाम मत होतं. माझंही आहे.

सप्टेंबर 1958 मध्ये पंडित नेहरू भूतानला निघाले, तेही याच वाटेनं, चुंबी खोऱ्यातून. भूतानला जायला तेव्हा मोटाररस्ताच नव्हता. सोबत इंदिरा गांधी आणि अप्पासाहेब. खोऱ्यात चिनी अधिकारी स्वागताला उभे होते. देशाचा पंतप्रधान तिबेटच्या भूमीवर आपल्या डोळ्यांनी हे बघत होता, आणि त्याच्या शेजारी बसून सांगणारा माणूस आमच्या गावचा होता. इथं आले की आजोबा थांबायचे, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायचे.

पुढच्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला. दलाई लामा तवांगच्या बाजूनं भारतात आले. फ्रीडमन तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनाच्या कामाला लागले. औंधचं जुनं नातं असं हिमालयाच्या पायथ्याशी पुन्हा जुळलं.

1961 मध्ये अप्पासाहेब राजदूत म्हणून इंडोनेशियाला गेले. वर्षभरानं चीनशी लढाई पेटली. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. आजीनं संरक्षण निधीला हातातल्या पाटल्या दिल्या. त्या रात्री आजोबा नकाशासमोर बसून एवढंच म्हणाले, "लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं गं." आजी हे शेवटपर्यंत सांगायची, मोकळ्या मनगटावर हात ठेवून.

1954 च्या कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती जून 1962 मध्ये संपली. चिनी हल्ला 20 ऑक्टोबरला सुरू झाला.