६ व्होल्टचा बल्ब, २३० व्होल्टची माळ

आजचा भाग दिव्यांच्या माळेबद्दल आहे. गणपतीत मांडवावर, दिवाळीत गॅलरीत आणि लग्नात गेटवर सोडतो ना, तीच माळ. प्रश्न अगदी साधा वाटतो. घराबाहेर, पावसापाण्यात एवढे दिवे लावायचे, तर त्यांना वीज कशी द्यायची, की शॉक बसणार नाही आणि बिलही फुगणार नाही? यातली सुरक्षितता माणसाला फार लवकर सापडली होती. ती स्वस्तात मिळायला मात्र शंभराहून जास्त वर्षं गेली. ती गोष्ट आज सांगतो. शेवटी खरेदीला जाताना काय बघायचं, तेही सांगेन.

एकाच वर्षातले दोन रस्ते

साल १८८२, शहर लंडन. तिथलं सॅवॉय थिएटर आदल्याच वर्षी विजेच्या दिव्यांनी उजळलं होतं. २५ नोव्हेंबरला तिथे गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीचं ‘आयोलान्थी’ हे संगीत नाटक आलं. नाटकात पऱ्या होत्या आणि त्या नट्यांच्या केसांत चिमुकले विजेचे दिवे चमकत होते. हे दिवे जोसेफ स्वान यांच्या कंपनीने बनवले होते आणि बॅटरी प्रत्येकीच्या अंगावरच बांधलेली होती. अशा माळांना इंग्रजीत आजही ‘फेअरी लाइट्स’ म्हणतात आणि त्या नावाचा उगम बरेच जण याच नाटकाशी जोडतात.

यानंतर चारच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातलं नाताळचं झाड सजवलं. जॉन्सन हे एडिसन यांच्या कंपनीतले मोठे अधिकारी. त्यांच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० बल्ब होते, हाताने वायर जोडलेले. झाड स्वतःभोवती फिरतही होतं. इथे बॅटरी नव्हती. झाडाला वीज येत होती ती डायनॅमोची.

मला या दोन तारखा फार महत्त्वाच्या वाटतात. लंडनच्या परीला शॉक बसणं जवळपास अशक्य होतं, कारण तिच्या अंगावरची वीज मुळातच कमी व्होल्टची होती. पण बॅटरी जड, महाग आणि थोड्या वेळात संपणारी. न्यूयॉर्कचं झाड मात्र तासन्‌तास फिरू शकत होतं. जगाने न्यूयॉर्कचा रस्ता धरला.

सिरीजची करामत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तयार माळा बाजारात आल्या. तिथल्या घरांत सुमारे १२० व्होल्टची वीज. एवढी वीज झेलणारा छोटा बल्ब बनवणं कठीण आणि महाग. मग सोपी युक्ती निघाली: १५ व्होल्टचे ८ बल्ब एकापाठोपाठ एक जोडायचे. पंधरा आठे एकशेवीस. हीच ती ‘सिरीज’.

आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, म्हणून गणित थोडं वेगळं. ६ व्होल्टचे बल्ब घेतले, तर एका माळेत साधारण ३८ लागतात. गल्लीतला वायरमन घरी बसून अशी तोरणं बनवायचा. रंगीत कागद, बल्ब, वायर आणि चिकटपट्टी, बस्स. ट्रान्सफॉर्मर नाही, काही नाही. स्वस्त आणि मस्त.

यातली एक अडचण सगळ्यांना माहीत आहे. एक बल्ब गेला की अख्खी माळ काळोखात. मग एकेक बल्ब काढून बघत बसायचं. पुढे बल्बच्या आतच एक बारीकशी पर्यायी तार आली. तिच्यावर विजेला अडवणारा पातळ थर असतो. फिलामेंट तुटलं की सगळा दाब त्या एकाच बल्बवर येतो, थर फुटतो आणि वीज त्या तारेतून पुढे जाते. बाकीचे बल्ब चालू राहतात, प्रत्येकावर थोडा जास्त भार घेऊन.

दुसरी अडचण जीवघेणी आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. माळ चालू असताना प्रत्येक बल्ब आपल्या वाट्याचे ६ व्होल्ट घेतो. पण एक बल्ब होल्डरमधून काढला की प्रवाह थांबतो. प्रवाह नाही म्हणजे इतर बल्ब काहीच घेत नाहीत. मग ते २३० व्होल्ट जातात कुठे? सगळेच्या सगळे त्या रिकाम्या होल्डरच्या दोन टोकांमध्ये उभे राहतात! म्हणजे माळ विझलेली दिसते, आपण बिनधास्त बोट घालतो, आणि नेमकी तिथेच पूर्ण वीज असते. शिवाय बल्ब चालू असतानासुद्धा फेजच्या बाजूची वायर जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवरच असते. तिचं आवरण फाटलं आणि खाली ओली जमीन असली, तर बल्बवर ‘६ व्होल्ट’ लिहिलंय याचा काडीचा उपयोग नाही. आणि आपला गणपती येतो तोच मुळी भाद्रपदात, पावसात.

ट्रान्सफॉर्मर होता, मग वापरला का नाही?

आता तुम्ही विचाराल, विजेचा दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर तेव्हा नव्हता का? होता की. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी तो व्यवहारात वापरण्याजोगा केला होता. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळी एकमेकांना जोडलेली नसतात, ऊर्जा फक्त चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. त्यामुळे पलीकडच्या १२ व्होल्टचा रस्त्यावरच्या विजेशी थेट संबंधच उरत नाही. खरी सुरक्षितता असते ती ही.

घोडं अडलं पैशापाशी. समजा ५ वॅटचे १०० बल्ब आहेत, म्हणजे ५०० वॅट. २३० व्होल्टवर यासाठी सव्वादोन अँपिअरसुद्धा लागत नाहीत, साधी बारीक वायर पुरते. तेच १२ व्होल्टवर द्यायचं तर सुमारे ४२ अँपिअर! प्रवाह १९ पट झाला, आणि वायरमध्ये वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरमध्ये साडेतीनशे पटींहून जास्त. मग हवा जाड तांब्याचा केबल आणि वजनदार ट्रान्सफॉर्मर. मंडळाच्या वर्गणीत हे बसायचं कसं?

म्हणून मग वेगळा बचाव आला. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डालझील विजेचा धक्का माणसाला कसा मारतो याचा अभ्यास करत होते. १९६१ मध्ये त्यांनी एक यंत्रणा बनवली. जाणारा आणि परत येणारा प्रवाह ती सतत मोजते. दोन्हींत फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी भलत्याच वाटेने जातेय, कदाचित कुणाच्या अंगातून. लगेच पुरवठा बंद. आपल्या घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी याच तत्त्वावर चालतो.

निळ्या दिव्याने गणित बदललं

लाल एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी दाखवला. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो काही केल्या नीट जमत नव्हता. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांनी तो जमवला. १९९०च्या दशकात तो बाजारात आला आणि २०१४ मध्ये तिघांना नोबेल मिळालं.

आता तेच गणित पुन्हा करू. १०० छोटे एलईडी १२ व्होल्टवर लावले, तर सगळं धरून साधारण ८ वॅट लागतात, म्हणजे पाऊण अँपिअरहून कमी. तुमच्या मोबाईलचा चार्जर याहून जास्त देतो! उजेड जुन्या बल्बांइतका पडत नाही, कबूल. पण माळेच्या उजेडात कुणाला अभ्यास करायचा नसतो, ती दिसली म्हणजे झालं. रोज ६ तास, १० दिवस लावली, तर जुन्या माळेला ३० युनिट लागायचे, हिला अर्धा युनिट. युनिटला १० रुपये धरले, तर ३०० रुपयांच्या जागी ५ रुपये. लंडनच्या परीचा रस्ता अखेर परवडणारा झाला.

आणि इथेच मला राग येतो. बाजारातल्या कितीतरी स्वस्त एलईडी माळा आजही थेट २३० व्होल्टवर चालतात. एलईडी ३ व्होल्टचा, पण जोडणी तीच जुनी सिरीज. पिनजवळची ती लुकलुकणारी डबी म्हणजे अॅडॉप्टर नव्हे. बहुतेक वेळा ती फक्त दिवे चालू-बंद करते. दिवा बदलला, धोका तोच राहिला.

खरेदीला जाताना

अॅडॉप्टरवर ‘आउटपुट’पुढे ५, १२ किंवा २४ व्होल्ट डीसी लिहिलंय का ते वाचा. बीआयएसची नोंदणी आणि चौकोनात चौकोन असं दुहेरी इन्सुलेशनचं चिन्ह शोधा. अॅडॉप्टर घरात कोरड्या जागी ठेवा, बाहेर जाऊ दे फक्त कमी व्होल्टची वायर. गॅलरीपुरतं हवं असेल तर पॉवरबँकेवर चालणारी यूएसबी माळ उत्तम. पावसात लावायची माळ आयपी ६५ची घ्या.

पट्टी घेणार असाल तर आधी वॅट मोजा. दाट दिव्यांची ५ मीटर पट्टी ७२ वॅटपर्यंत घेते, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर. अॅडॉप्टर त्याहून थोडा मोठा हवा. पट्टीचं शेवटचं टोक मंद पडलं तर दोन्ही टोकांनी वीज द्या, किंवा २४ व्होल्टची पट्टी घ्या. आणि लक्षात ठेवा, १२ व्होल्टने शॉक बसत नसला तरी शॉर्ट झाला तर वायर पेटू शकते. म्हणून मोठ्या अॅडॉप्टरनंतर फ्यूज हवाच.

मंडळात असाल तर तात्पुरती अधिकृत जोडणी घ्या, आरसीसीबी लावा आणि त्याचं ‘टेस्ट’ बटण आरतीआधी एकदा दाबून बघा. खटकन्‌ पडला पाहिजे. नाही पडला, तर तो बदलेपर्यंत मांडवातली लायटिंग लावू नका.

दुकानात दोन माळा शेजारी टांगलेल्या असतील, दोन्ही सारख्याच चमकतील, आणि अॅडॉप्टरवाली थोडी महाग असेल. तो फरक कशाचा आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे. मंडळाच्या ग्रुपवर हा भाग जरूर टाका. भेटू पुढच्या भागात!