परभणीतला घरगुती असेंबल संगणक

परभणी जिल्ह्यात सर्वसामान्यांच्या घरी आलेला पहिला संगणक बहुधा नामांकित कंपनीचा नव्हता. तो सुटे भाग जोडून दुकानात उभा केलेला, म्हणजे ‘असेंबल’ केलेला असे. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर अशी एकेका भागाची किंमत मांडलेले कोटेशन दुकानदार देई आणि गिऱ्हाईक ऐपतीप्रमाणे त्यात काटछाट करी. सुट्या भागांची राज्यातली मोठी पेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग. मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावर असल्याने परभणीला मुंबई आणि हैदराबाद हे दोन्ही बाजार एका गाडीच्या अंतरावर होते.

मागणी निर्माण केली ती मुख्यतः एका अभ्यासक्रमाने. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजेच एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याच्या ‘एमएस-सीआयटी’चे वर्ग तालुक्यांच्या गावी सुरू झाले. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता बंधनकारक झाल्यावर पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे शिक्षक आणि कारकूनही माऊस धरायला शिकले. पुढे हीच मंडळी निवृत्त झाली, मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे किंवा परदेशी गेली, आणि आई-वडिलांना बातम्या वाचता याव्यात, मुलानातवंडांशी बोलता यावे, एवढ्यापुरते यंत्र घरी हवेसे झाले. त्यासाठी महागडा प्रोसेसर लागत नव्हता.

अशा यंत्राची किंमत उतरण्यामागे दोन कारणे ठळक आहेत. पहिले तांत्रिक. १९९९ मध्ये इंटेलचा ८१० चिपसेट आला आणि ग्राफिक्सचे काम मदरबोर्डवरच होऊ लागले. आवाजाची सोय बोर्डावर आली, काही वर्षांत नेटवर्कची जोडणीही. एकेक कार्ड गळत गेले. सेलेरॉनसारखा साधा प्रोसेसर आणि एक बोर्ड एवढ्यात यंत्राचा गाभा पुरा होऊ लागला. दुसरे कारण करांचे. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि त्यानुसार २००५ पर्यंत संगणकांवरील आयात शुल्क शून्यावर आले. त्याच वर्षी एचसीएल आणि कोलकात्याच्या झेनिटिस या कंपन्यांनी १० हजार रुपयांच्या आतले संगणक जाहीर केले. त्यांत विंडोजऐवजी लिनक्स होते. असेंबल यंत्रात मात्र विंडोज एक्सपीच टाकले जाई, आणि देशभर ते बहुतेक वेळा परवान्याविनाच असे. स्वस्ताईचा हा भाग हिशेबात धरल्याशिवाय असेंबल संगणकाचा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येत नाही.

इंटरनेट भारतात सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ पासून खुले झाले, पण ते मोठ्या शहरांपुरते. लहान गावांत पुढची अनेक वर्षे डायल-अप मोडेमवर गेली. संगणक जोडलेला असेपर्यंत घरचा फोन अडकून पडे. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड सेवा सुरू केली. २५६ केबीपीएस हा तेव्हाचा ब्रॉडबँडचा अधिकृत किमान वेग होता आणि स्वस्त योजनांत महिन्याची मर्यादा शेकडो एमबीत मोजली जाई. बातम्या आणि ईमेलला ती पुरे, व्हिडिओ पाहायला नाही. शिवाय ही सेवा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर चाले आणि एक्स्चेंजपासून अंतर वाढले की क्षीण होई, त्यामुळे तालुक्याच्या गावातले घर आणि दूरच्या शिवारातले घर यांत फरक पडला.

ज्येष्ठांच्या दृष्टीने मोठी अडचण मराठी अक्षरांची होती. सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांचे फाँट वेगवेगळे असत. ज्याचा फाँट यंत्रात नाही त्याची बातमी निरर्थक चिन्हांत उमटे. युनिकोडने हा गुंता सोडवला. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट विंडोजमध्ये मिळू लागला, पण एक्सपीमध्ये भारतीय भाषांची सोय सीडी घालून मुद्दाम सुरू करावी लागे. यंत्र जोडणाऱ्याने ती सुरू केली नाही, तर जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटत. इंग्रजीची सवय नसलेल्या वडीलधाऱ्यांसाठी ही पाच मिनिटांची तजवीज दुप्पट रॅमपेक्षा मोलाची होती.

तरीही परभणीत संगणक चालणार की नाही, हे शेवटी ठरवले विजेने. २००५ नंतरची काही वर्षे राज्यात विजेचा तीव्र तुटवडा होता. महावितरणने वीजगळती आणि वसुली पाहून फीडरचे गट पाडले; गळती जास्त तिथे भारनियमन जास्त. मराठवाड्याच्या मोठ्या भागाला दिवसाचे अनेक तास विजेविना काढावे लागले. चालू यंत्राची वीज अचानक गेली तर हार्ड डिस्कवरची माहिती बिघडण्याचा धोका असतो, म्हणून यूपीएस हा चैनीचा भाग राहिला नाही. पण पेंटियम ४ च्या प्रोसेसरलाच ५०-६० वॅट आणि त्याहून अधिक वीज लागे, १५ इंची काचेच्या नळीच्या मॉनिटरला आणखी तेवढीच. लहान यूपीएसवर हा जोड काही मिनिटेच टिके. किंमत कमी करण्यासाठी यूपीएस किंवा एसएमपीएसमध्ये (यंत्राला वीज पुरवणाऱ्या भागात) केलेली काटकसर अशा भागात सर्वात महाग पडते. त्यातच ४० अंशांच्या वर जाणारा उन्हाळा आणि काळ्या मातीची धूळ. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापून यंत्र आपोआप बंद पडे.

म्हणून २००८ मध्ये आलेल्या इंटेल अ‍ॅटमचे महत्त्व इथे किमतीपुरते नव्हते. बोर्डावरच बसवलेल्या अ‍ॅटम २३० ची उष्णतामर्यादा अवघी ४ वॅट होती. सोबत एलसीडी पडदा घेतला, तर एकूण वापर जुन्या जोडाच्या बराच खाली येई आणि तोच यूपीएस कितीतरी अधिक वेळ पुरे. अ‍ॅटम संथ होता, पण वृत्तपत्र वाचणे आणि पत्र पाठवणे यांसाठी तो पुरेसा होता. भारनियमनाच्या गावात आई-वडिलांसाठी जोडायचा संगणक कसा असावा, याचे त्या काळातले योग्य उत्तर हेच होते.

एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार थांबवला आणि ही जुनी यंत्रे इंटरनेटवर असुरक्षित झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त डेटा मोबाइलवर आला. वडीलधाऱ्यांचे वाचणे आणि मुलांशी बोलणे फोनवर गेले, आणि घरगुती वापरासाठी असेंबल संगणक मागण्याचे प्रमुख कारणच संपले.